पाळकीणबाईंना विचारलं

कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन थांबली, हॉर्न वाजला, पुन्हा एकदा वाजला, आणि सुवार्ता जागची उठली नाही. चहाचा कप दोन्ही हातांत धरून ती खिडकीपाशी बसून राहिली. एस्तेरच्या हातात लेकीचा डबा होता. झाकण लावायचं राहिलं होतं आणि मेथीच्या भाजीची वाफ तिच्या मनगटाला लागत होती. "अगं, बस आली," ती म्हणाली. सुवार्तानं नुसती मान हलवली. बाहेर बसच्या दारातून कुणीतरी "ओ मॅडम" अशी हाक मारली, दार आपटलं, आणि बस कुरकुंभच्या रस्त्याला लागली. तिचा आवाज रेल्वे क्वार्टर्सच्या भिंतीपलीकडे विरून जाईपर्यंत एस्तेर डबा धरून उभी राहिली. सुवार्ता त्या औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत लागल्यापासून बस तिला सोडून अशी कधी गेली नव्हती. तापात नाही, बाप गेल्यानंतरच्या आठवड्यातही नाही. एस्तेरला एकदम वाटलं, की घरात कुणीतरी तिसरं माणूस येऊन बसलंय आणि फक्त आपल्याला ते दिसत नाही.

"आई, जरा बस," सुवार्ता म्हणाली. "मी नोकरी सोडली. काल शेवटचा दिवस होता. बसवाल्याला सांगायचं राहिलं."

"कुणी काही बोललं का तुला?"

"नाही गं. चांगला निरोप दिला, केक कापला." मग कपाकडे बघत ती म्हणाली, "मला पाचारण झालंय."

पाचारण. हा शब्द बाजारात, बँकेत, एसटीत कुणी वापरत नाही. जेवायला बोलावतात, लग्नाचं आमंत्रण देतात, कोर्टाचं समन्स येतं. पण देवानं एखाद्याला आपल्या सेवेसाठी हाक मारली, की त्याला त्यांच्या ख्रिस्ती लोकांत पाचारण म्हणायचं. एस्तेरनं तो शब्द लहानपणापासून उपासनेत ऐकला होता, पण तो आपल्या अंगाला लागू शकतो हे तिला कळलं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. शिरूरच्या चर्चमागच्या घरात, अजून पाहुण्यांच्या वळकट्या कोपऱ्यात पडलेल्या असताना, शांतवन तिला म्हणाला होता, "माझं पाचारण आधी. बाकी सगळं त्याच्यानंतर. तुला हे माहीत असलेलं बरं." तो रागानं बोलला नव्हता. नव्या भाडेकरूला नळाला पाणी कधी येतं ते सांगावं, तसं अगदी सौम्यपणे सांगितलं होतं. तिनं मान डोलावली होती. तिच्या केसांत आदल्या दिवशीचा अबोलीचा गजरा तसाच होता, आणि पुढं किती तरी दिवस तिला त्या फुलांना नसलेला वास येत राहिला होता. शांतवन जाऊन आता सहा वर्षं झाली होती. शिरूरहून बदली झाल्यावर मिळालेलं दौंडच्या चर्चचं घर सोडून मायलेकी दौंडमध्येच या दोन खोल्यांत आल्या होत्या. एस्तेरला वाटलं होतं की तो शब्द त्याच्याबरोबर मातीत गेला. आणि तो आज, सकाळच्या पहिल्या शिफ्टच्या वेळी, तिच्या मुलीच्या तोंडातून तिच्याच स्वयंपाकघरात आला होता.

पुढचं सगळं सुवार्तानं नीट, एकामागून एक सांगितलं, प्रयोगशाळेतल्या नोंदीसारखं. पुण्याला धर्मशिक्षणाच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा, शिकून बापासारखं चर्चचं पाळक व्हायचं. आता बायकांनाही पाळकपणाची दीक्षा देतात. पण ज्या मंडळीत, म्हणजे ज्या चर्चमध्ये, बाप्तिस्मा झाला त्या मंडळीची शिफारस लागते, म्हणजे शिरूरची. येत्या रविवारी उपासनेनंतर कमिटी बसणार होती. "आणि घरच्यांनाही बोलावलंय," ती म्हणाली. "म्हणजे तुला." दुपारी दोघींनी तो डबा घरातच बसून खाल्ला. स्टीलच्या डब्यातली पोळी घरी खाताना वेगळीच लागत होती, प्रवासात असल्यासारखी. एस्तेरनं एका शब्दानं विरोध केला नाही. "बरं," एवढंच ती म्हणाली. पण भांडी घासताना तिचे हात थांबले आणि तिला स्पष्ट कळलं, की आपण शिरूरला जाणार आणि नाही म्हणणार.

रविवारी सकाळी न्हावऱ्यावरून जाणारी एसटी त्यांना मिळाली. सुवार्ता खिडकीपाशी बसली. भीमेचा पूल मागं गेला, उसाच्या ट्रॉल्या लागल्या, आणि एस्तेर आपला नकार मनातल्या मनात जुळवू लागली. कारणं शोधायची गरज नव्हती. ती तिच्या हाडांत होती. शिरूरला जुनी माणसं तेव्हा अजून घोडनदीच म्हणायची. चर्चमागच्या त्या घराला दोन दारं होती. पुढच्या दारानं पुरुष यायचे, पाळकसाहेबांकडं, आणि वऱ्हांड्यातल्या खुर्चीवर बसायचे. मागच्या दारानं बायका यायच्या. त्या कुणाकडं येतात ते कुणी कधी म्हटलं नाही. शेळीला पाला मागायला, मीठ मागायला, सावलीला म्हणून यायच्या आणि चुलीपाशी टेकायच्या. रंगुबाई तर काहीच न मागता यायची. तिचं बाळ जन्मून पंधरवड्यात गेलं होतं आणि तिनं बोलणंच टाकलं होतं. शांतवननं तिच्या घरी जाऊन प्रार्थना केली होती, चांगली, मनापासून. रंगुबाई भिंतीकडं बघत राहिली होती. मग एका दुपारी ती एस्तेरच्या उंबऱ्यात येऊन बसली. काय बोलावं ते एस्तेरला सुचेना, म्हणून तिनं सुपात तांदूळ ओतून तिच्यापुढं सरकवले. रंगुबाईनं खडे निवडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. निवडलेलेच तांदूळ एस्तेर पुन्हा तिच्यापुढं ठेवायची. असं कितीतरी दुपारी झालं, आणि मग एकदा सुपावरची मान न उचलता रंगुबाई म्हणाली, "पाळकीणबाई, त्याचं नाक माझ्या आईवानी व्हतं." एस्तेरनं "हो का" म्हटलं नाही, की देवाची इच्छाही म्हटलं नाही. तिनं फक्त चुलीतलं लाकूड मागं ओढलं, म्हणजे भात करपू नये आणि उठावं लागू नये. त्या संध्याकाळी शांतवननं विचारलं, "आज काय केलंस दिवसभर?" ती म्हणाली, "तांदूळ निवडले." खोटं नव्हतं ते.

ते दिवस वाईट होते असं तिला म्हणता येईना, हीच तर अडचण होती. नकार जुळवायला बसलं की मध्येच काहीतरी गोड उसळून यायचं. सुगीच्या सणाला चर्चमध्ये वेदीपुढं भोपळे, बाजरीची कणसं, कांद्याच्या माळा, पाय बांधलेल्या कोंबड्या असा ढीग लागायचा. पलीकडच्या मळ्यातल्या सोजराबाई, पाटलाच्या घरच्या, चर्चची पायरी कधी चढल्या नाहीत, पण दरवर्षी गाड्यावर गहू धाडायच्या, "तुमच्या देवाला" म्हणून. उपासनेनंतर आवारात लिलाव व्हायचा, आणि एकच अंडं याच्याकडून त्याच्याकडं इतक्यांदा विकलं जायचं की शेवटी ते कुणाच्या तरी हातात फुटायचं आणि सगळं आवार हसायचं. नाताळच्या आधी पेटी आणि टाळ घेऊन भजनं म्हणत मंडळी वाड्यावस्त्यांवर हिंडायची. एस्तेरचा आवाज चांगला होता. शांतवन चालीच्या पहिल्या ओळीत नेहमी चुकायचा, मग मागं वळून तिच्याकडं बघायचा, ती सूर द्यायची, आणि तो पुन्हा पुढं तोंड करायचा. त्या मागं वळून बघण्यासाठी ती थंडीत मैल मैल चालली असती. दिवसभर शब्द बाहेर वाटून तो घरी रिकामा होऊन यायचा. मयताच्या घरी, भांडणाच्या घरी, सरकारी दवाखान्यात, सगळीकडं तो बोलायचा, आणि घरात ताटावर बसला की "मीठ दे" याच्यापुढं त्याच्याजवळ काही उरायचं नाही. ती त्याला दोष देत नव्हती. तिनं फक्त इतकं पाहिलं होतं की हाक एकाला येते आणि गप्प दुसऱ्याला बसावं लागतं.

आणि ही मुलगी. हिच्या पाठीशी कोण गप्प बसणार? पाळकाला पाळकीण असते. हिला कोण असेल? एस्तेरनं लेकीकडं पाहिलं. वाऱ्यानं सुवार्ताचे केस कपाळावर आले होते आणि ओठ किंचित हलत होते. कमिटीपुढं काय बोलायचं ते पाठ करत असावी. शांतवन असाच करायचा, शनिवारी, हौदापाशी उभा राहून. एस्तेरच्या छातीत काहीतरी खुपलं. ती भीती आहे असं तिला वाटलं होतं. पण बस न्हावऱ्याच्या स्टँडवर थांबली, चहावाला खिडकीखालून ओरडत गेला, आणि त्या थांबलेल्या गाडीत बसून तिला कळलं की ती नुसती भीती नाही. तिला एक महिला रविवार आठवला. वर्षातून एकदा उपासना बायकांनी चालवायची, असा तो दिवस. त्या वर्षी संदेश द्यायची पाळी तिच्यावर आली होती. व्यासपीठावर बायकांनी चढायचं नाही, म्हणून ती खालच्या पायरीवर उभी राहिली. सुरुवातीला पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग ती विहिरीवर पाणी भरायला आलेल्या एका परक्या बाईविषयी बोलू लागली, जिच्याशी कुणी बोलत नसे आणि जिच्याकडं प्रभूनं पाणी मागितलं. बोलता बोलता पदर हातातून सुटला. समोरच्या माणसांची तोंडं एकेक करून जवळ आल्यासारखी झाली. आपला आवाज आपण काढत नाही, तो आपल्यातून जातोय, असं तिला वाटलं. उन्हाळ्यात कोरड्या पाटाला पाणी सुटतं तेव्हा माती आधी फुगते, मग काळी होते, तसं आतून काहीतरी. घरी आल्यावर शांतवन चपला काढत म्हणाला, "चांगलं बोललीस." मग म्हणाला, "थोडं लांबलं." त्याच्या मनात काही नव्हतं. पण पुढच्या वर्षी तिनं घसा धरलाय असं सांगितलं, त्याच्या पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही. त्या पायरीवर तिला जे झालं त्याला तिनं कधी नाव दिलं नव्हतं. आणि आता तिची मुलगी शेजारच्या सीटवर बसून त्याला बिनदिक्कत पाचारण म्हणत होती. मला हिचा हेवा वाटतोय, एस्तेरच्या मनात आलं, आणि ती इतकी लाजली की तिनं तोंड दुसरीकडं वळवलं.

शिरूर ओळखू येत नव्हतं. हायवेवरून कंपन्यांच्या गाड्या, मॉल, दवाखान्यांच्या पाट्या. पण चर्चच्या आवारात शिरल्यावर चिंचेची सावली तशीच अंगावर आली आणि दगडी भिंतीचा गारवाही. मागच्या घराला आता एकच दार होतं. मागच्या दाराच्या जागी बाथरूम बांधलं होतं. उपासनेत तिचं लक्ष लागलं नाही. सगळे उठले की ती उठत होती, बसले की बसत होती. नंतर त्याच घराच्या पुढच्या खोलीत टेबलाभोवती कमिटी बसली. मध्ये इथले हल्लीचे पाळक, सुवार्ताच्याच वयाचे, फार सावध. त्यांच्या उजव्या हाताला याकोबआप्पा, कमिटीचे सगळ्यांत जुने सभासद, ज्यांनी तरुणपणी इथल्या वऱ्हांड्यात बसून एस्तेरच्या हातची भाकरी खाल्ली होती. डाव्या हाताला विनोद नावाचा सेक्रेटरी, शिक्रापूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेला. आणि कडेला आणखी दोघं-तिघं.

"या पाळकीणबाई," याकोबआप्पा अर्धवट उठत म्हणाले. "ह्या घरात तुमाला या म्हनायचं म्हंजी आमालाच लाज वाटती. बसा."

सुवार्ताला त्यांनी आधी सोपं विचारलं. शिक्षण, वय, कंपनीत काय करत होतीस. मग पाळकांनी विचारलं, "पाचारण कधी झालं, असं तुम्हाला वाटतं?"

एस्तेरला वाटलं आता ती बापाचं नाव घेईल. व्यासपीठ, शेवटचं आजारपण, डोक्यावर ठेवलेला हात. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. याकोबआप्पांनी तर आधीच डोळे मिटले होते.

"असं एका क्षणी नाही सांगता येत," सुवार्ता म्हणाली. "आमच्याकडं पॅकिंगला एक बिहारचा मुलगा होता. त्याचा भाऊ गावी वारल्याचा फोन आला. गाडीचं तिकीट मिळेना, जाता येईना. तो गोदामाच्या पायरीवर बसून होता. सगळे येऊन काहीतरी बोलून गेले. मला कुणीतरी बोलावलं, मॅडम, तुम्ही पाळकाच्या घरच्या, तुम्ही काहीतरी बोला. मला काही सुचलं नाही. मी आतून छापील लेबलांचा एक गठ्ठा आणला, सगळा मिसळून टाकला, आणि त्याच्यापुढं ठेवला. म्हटलं, हे जरा वेगळे करून दे. तो करत बसला. मी शेजारी बसले. जेवणाची सुट्टी संपायच्या सुमारास तो आपण होऊन भावाविषयी बोलायला लागला. सायकल शिकवताना भावानं कसं पाडलं होतं ते सांगत होता. हसत होता आणि रडत होता." ती थांबली. "त्या दिवशी मला कळलं की मला हेच करायचंय. आणि हे मी कुठून शिकले ते मला तेव्हा आठवेना. नंतर आठवलं."

ती आईकडं बघत नव्हती. टेबलावरच्या प्लास्टिकच्या फुलांकडं बघत होती. एस्तेरनं आपले हात मांडीवर उलटे करून ठेवले, जणू ते कुणी पाहू नयेत. मागच्या खोलीत बाहुलीला झोपवत बसलेली एक लहान मुलगी तिला आठवली. ती पाहत असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

पाळकांनी मान डोलावली. विनोदनं घसा साफ केला. "तसं नाही, पण प्रॅक्टिकल बघायला पाहिजे ना. बदली कुठंही होईल. खेड्यात एकटी कशी राहणार? उद्या लग्न ठरलं, सासरचे म्हणाले नको, तर?"

"मयताला कवाबी जावं लागतं," कडेचा एक जण म्हणाला.

"आन् पाळकाच्या घराला बाईमानूस लागतं," याकोबआप्पा म्हणाले. "येनाऱ्या-जानाऱ्याचं कुनी बघायचं?"

"मी बाईमाणूसच आहे, आप्पा," सुवार्ता म्हणाली. पाळकांना हसू आलं, त्यांनी ते रुमालात लपवलं.

"तसं न्हवं गं पोरी. म्हंजी तुला कळलं मला काय म्हनायचंय ते." याकोबआप्पा एस्तेरकडं वळले. त्यांचा आवाज मऊ झाला. "पाळकीणबाई, तुमी सांगा. तुमी ह्यातून गेलाय. आईचं मन मोडून आमाला काय करायचं न्हाई. तुमची हरकत असंल तर तसं बोला. कुनाला वाईट वाटायचं कारन न्हाई, पोरीलाबी न्हाई, आमालाबी न्हाई."

एस्तेरला जाणवलं की तिला विचारलंय. साधीच गोष्ट होती, पण नवी. शांतवनच्या दीक्षेच्या दिवशी बिशपसाहेबांनी त्याला कितीतरी प्रश्न विचारले होते आणि त्यानं प्रत्येकाला ठाम उत्तर दिलं होतं. ती तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होती. शिरूरहून दौंडला बदली झाली तेव्हा सामान बांधायची वेळ आल्यावरच तिला ते कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एका टेबलाभोवती बसलेली माणसं तिच्या तोंडाकडं बघत थांबली होती. आणि 'नाही' हे उत्तर तर तयारच होतं तिच्याकडं. बसमध्ये जुळवून आणलेलं, जिभेवर आलेलं. तेवढ्यात तिचं लक्ष विनोदच्या हाताकडं गेलं. त्यानं पेनचं टोपण काढून ठेवलं होतं, आणि ती काय बोलणार हे माहीत असल्यासारखा तो खाली मान घालून वाट बघत होता. याकोबआप्पांच्या चेहऱ्यावर सुटकेची आगाऊ तयारी दिसत होती. यांना नाही म्हणायचंय, तिच्या लक्षात आलं. पण ते माझ्या तोंडून हवंय.

"मी नाही म्हणायलाच आले होते," एस्तेर म्हणाली.

सुवार्तानं झटकन मान वळवली.

"मला भीती वाटते. तुम्ही सांगितलंत त्या सगळ्याची वाटते, आणि तुम्हाला माहीत नाही त्याचीसुद्धा वाटते. पण ती माझी भीती आहे, आप्पा. ते तुमचं कारण नाही. ती तुमच्या ठरावात लिहू नका." तिनं पदराचं टोक धरायला हात नेला आणि मग मागं घेतला. "तुम्ही म्हणता येणाऱ्या-जाणाऱ्यांचं कोण बघणार. ह्याच घरात इतकी वर्षं ते मी बघितलं. तेव्हा त्याला कुणी सेवा म्हटलं नाही. बाईचं काम, म्हटलं. आज ते करायला कुणी नसेल तर सेवा अडेल, असं तुम्हीच सांगताय." ती थांबली, कारण पुढचं वाक्य तिलाच आत्ता कळत होतं. "मग ती सेवाच होती की."

बाहेर आवारात कुणीतरी मोटारसायकल चालू केली आणि बंद केली. याकोबआप्पा बराच वेळ टेबलाच्या कडेवर अंगठा फिरवत राहिले. त्यांचे डोळे ओले झाले होते की म्हातारपणानं तसेच होते, ते तिला कळलं नाही.

"आमची रंगुआत्या," ते शेवटी म्हणाले, "मरायच्या आधी तुमचंच नाव घेत व्हती. पाळकसायबांचं न्हाई. तवा मला इचित्र वाटलं व्हतं." मग ते विनोदला म्हणाले, "लिही. शिफारस करायची. आईची संमती हाय."

"संमती नको," एस्तेर म्हणाली. "ती माझ्या संमतीनं जात नाहीये. मला विचारलं, एवढं लिहा."

विनोद गोंधळून पाळकांकडं बघू लागला. पाळक म्हणाले, "लिहा. पाळकीणबाईंना विचारलं."

त्यानं लिहिलं. मग जेवायला थांबा, असा आग्रह झाला, पण दौंडची गाडी चुकेल म्हणून दोघी निघाल्या. फाटकापर्यंत याकोबआप्पा काठी टेकत आले आणि तिथूनच परत फिरले. स्टँडपर्यंतच्या रस्त्यावर ऊन होतं, फुटपाथवर फळांच्या गाड्या होत्या, आणि दोघींना शेजारी शेजारी चालायला जागा नव्हती. सुवार्ता पुढं, एस्तेर मागं. पुढं चालणारी ती ताठ पाठ बघताना एस्तेरला सकाळचा हेवा आठवला. तो गेला नव्हता. पण आता त्यात विष नव्हतं. दुखऱ्या दाताची सवय व्हावी तसा तो तिथं होता.

"खरंच नाही म्हणायला आली होतीस?" सुवार्तानं मागं न बघता विचारलं.

"हो."

"मग बसमध्ये बोलली का नाहीस?"

स्टँडच्या शेडखाली पोचल्यावर एस्तेरनं लेकीचा दंड धरून तिला आपल्याकडं वळवलं. "तुला भीती वाटते का?"

सुवार्तानं आधी हसायचा प्रयत्न केला. मग तिचा चेहरा एकदम लहान झाला. "खूप," ती म्हणाली. "आई, खूप वाटते. मला प्रार्थना करताना पुष्कळदा काहीच ऐकू येत नाही. लोक येतील आणि मी त्यांच्यापुढं रिकामी बसेन, असं वाटतं. आत्ता तिथं बोलत होते ना, तेव्हाही वाटत होतं."

एस्तेरला शांतवनची शेवटची दुपार आठवली. दौंडच्या दवाखान्यात त्यानं तिचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की काळे वळ उठले. तिनं त्याच्या कानाशी वाकून हेच विचारलं होतं, भीती वाटते का, आणि त्यानं मान हलवली होती: नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं एकदाही हो म्हटलं नव्हतं. तो बोटं सोडत नव्हता आणि मान हलवत होता. तो हो म्हणाला असता तर तिला त्याच्याजवळ जाता आलं असतं.

दौंडची गाडी धूळ उडवत फलाटाला लागली. माणसं दारापाशी धावली. एस्तेर जागची हलली नाही.

"पुण्याला गेलीस की दर रविवारी संध्याकाळी मला फोन करत जा," ती म्हणाली. "काय शिकवलं, काय बोललीस, ते नको सांगूस. ते दुसऱ्या कुणालाही सांग. भीती वाटली का, एवढं मला सांगायचं."

"आणि वाटली असली तर?"

"तर फोन ठेवायचा नाही," एस्तेर म्हणाली, आणि लेकीला पुढं घालून गर्दीत शिरली.